उद्घाटनाचा पहिला मान

पाणी नसलेलं शौचालय कशासाठी बांधतात, ते बांधणाऱ्यांनाच ठाऊक! खाणीवरच्या दगडफोड्यांच्या वस्तीत असंच एक उभं राहिलं. निळ्या फरशा, चकचकीत नळ, दारावर सभापती हंबीररावांचं ठसठशीत नाव. मुख्य जलवाहिनी समोरच्या रस्त्यावरूनच जात होती, पण जोडणी कुणी केली नव्हती. बायकांचं टमरेल घेऊन खाणीमागे जाणं काही सुटलं नाही.

उद्घाटनाला आलेल्या सभापतींना वस्तीतल्या यल्लवानं विचारलं, "सायेब, पानी कवा येनार?"

"बाई, एवढी देखणी इमारत दिली, ती बघा. पाण्याचं खातं दुसरं," हंबीरराव गुरकावले आणि त्यांनी फीत कापली.

ते गाडीकडे वळताच यल्लवा हात जोडून आडवी आली. "सायेब, आमच्यात रीत हाय. उद्घाटन करनाऱ्यानंच पयल्यांदा वापरायचं. गिरणी सुरू झाली तवा पाटलांनी सोताचं दळण दळलं. आज मान तुमचा. तुमी आत जाऊन येईस्तोवर हलगी थांबनार न्हाई."

हलगी कडाडली. फोटोवाल्यानं कॅमेरा दाराकडे वळवला. हंबीरराव दारातून आत डोकावले.

"अहो, पण आत पाणी कुठंय?"

"एवढी देखनी इमारत हाय की, सायेब," यल्लवा म्हणाली. "पान्याचं खातं दुसरं."

वस्ती खदाखदा हसली. हंबीररावांनी तिथूनच फोन फिरवले. हलगी वाजतच राहिली आणि तेही तिथंच अडकून पडले. दुपारी माणसं आली, संध्याकाळी नळाला धो धो पाणी आलं. यल्लवानं बादली काठोकाठ भरून दाराशी ठेवली.

"आता चला, सायेब. हलगीवाल्यांचं हात दुखाय लागलं."