शिदूचं लग्न आणि कॉम्प्युटरातली ढोलकी

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे लग्न अजून व्हायचं होतं, भोळा मात्र तो जन्मापासून होता. नाव शिदू. गळा असा गोड की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून ऐकायच्या. डोक्याच्या बाजूला मात्र सगळा आनंद होता.

शेजारच्या गावच्या वैजूचं स्थळ त्याला सांगून आलं. बघायला गेल्यावर वैजूनं एकच अट घातली. "हळदीला तुमच्या आवाजातलं नवं गाणं वाजलं पाहिजे. तेही ढोलकीसकट."

शिदूला ती बघताक्षणी आवडली होती. तो लगेच हो म्हणाला. वैजूचे वडील रंगराव मात्र मिशीवरून हात फिरवत बोलले, "पोरगं खुळं आहे असं कानावर आलंय. एकदा चालवून घेईन, दोनदा घेईन. भर मांडवात काही केलं, तर सोयरीक मोडली म्हणून समजा."

शिदूच्या थोरल्या बहिणीचा नवरा बजरंग. शिदू त्यांना दाजी म्हणायचा. हे दाजी घरातच गाणी रेकॉर्ड करायचे. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या आणि मध्ये कॉम्प्युटर. ढोलकी, ताशा, हलगी, सगळं त्या कॉम्प्युटरात. दाजींनी शिदूला पडद्यावरच्या चौकटी दाखवल्या.

"चौकटीत टिचकी मारली की ठोका पडतो. भर तुझ्या गाण्याचा ठेका."

शिदू भरत बसला. दाजी चहा पिऊन आले आणि वाजवून बघितलं, तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. एक चौकट म्हणून रिकामी नव्हती.

"अरे शहाण्या, सगळ्या भरायच्या नसतात! एक आड एक रिकामी सोड. रिकाम्या जागेतच खरी मजा असते."

शिदूनं ध्यानात ठेवलं. ध्यानात ठेवलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं बुंदीच्या लाडवांचा खोका देऊन त्याला वैजूकडं पाठवलं. खोक्यात पुठ्ठ्याच्या चौकटी आणि दर चौकटीत एक लाडू. शिदू वाटेत ओढ्यापाशी थांबला. त्यानं एक आड एक लाडू काढला आणि तिथल्या कुत्र्यांना घातला. कुत्री खूश झाली. तिकडं रंगरावांनी चार पाहुण्यांसमोर मोठ्या हौसेनं खोका उघडला.

"जावईबापू, निम्मे लाडू कुठायत?"

"मामा, रिकाम्या जागेतच खरी मजा असते."

रंगरावांची मिशी थरथरली. "हे एकदा झालं," ते म्हणाले.

दाजींनी कपाळावर हात मारला. "लाडू आणि ढोलकी एकच का रे? जाऊ दे. तू चौकटी भरूच नको. आत तयार ठेकेसुद्धा आहेत, त्यांना ग्रूव्ह म्हणतात. एक निवड. जमला की तोच उचलायचा आणि पुढं चिकटवत जायचं, संपेपर्यंत."

शिदूनं ध्यानात ठेवलं.

तेवढ्यात वैजूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती लाजत म्हणाली, "अहो, मी तुम्हाला आवडते का?"

"आवडतेस."

वैजू खुदकन हसली. 'हे जमलं,' शिदूनं मनात म्हटलं.

"हळदीला कुठली साडी नेसू? पिवळी का हिरवी?"

"आवडतेस."

"अहो, साडीचं विचारतेय. बरं ते राहू द्या, आबांचा गुडघा फार दुखतोय."

"आवडतेस."

"काय बाई तुमचं! थांबा, आईला बोलायचंय."

वैजूची आई शेवंताबाई फोनवर आल्या. "जावईबापू, बरे आहात ना?"

"आवडतेस," शिदू म्हणाला.

शेवंताबाईंच्या हातून फोन पडला तो थेट रंगरावांच्या दुखऱ्या गुडघ्यावर. "हे दोनदा झालं!" ते ओरडले. ते एवढ्या जोरात ओरडले की फोन बंद पडूनही शिदूला ऐकू आलं असतं.

आता शिदूला घाम फुटला. तो दाजींकडं पळत गेला. "दाजी, वैजू हातची जाईल हो! काहीतरी करा."

"आधी गाणं नीट करू," दाजी म्हणाले. "हे बघ, तेच तेच चिकटवलं तर मशीन वाजतंय हे लगेच कळतं. म्हणून एखादा ठोका हलका करायचा, एखादा जरा मागं सारायचा. थोडीशी चूक मुद्दाम घालायची. मग माणूस वाजवतोय असं वाटतं."

शिदूनं ध्यानात ठेवलं आणि तडक बाहेर गेला. परत आला तो गुलाबभाई ढोलकीवाल्याला घेऊनच. गुलाबभाई खोलीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चहात साखर जरा जास्त टाका."

"यांना कशाला आणलंस?" दाजींनी विचारलं.

"माणूस वाजवतोय असं वाटायला पाहिजे ना? म्हणून माणूसच आणला."

"अरे माझ्या कर्मा! माणूस आणायचा नसतो! ही मिडी असते मिडी. कुठला ठोका, कधी, किती जोरात, एवढा नुसता निरोप पेनड्राइव्हमध्ये असतो. तेवढा पाठवला की झालं. माणूस घरी बसला तरी काम होतं."

शिदूनं हेही ध्यानात ठेवलं. गुलाबभाई चहा पिऊन घरी गेले.

पुढचं सगळं दाजींनी स्वतः केलं, शिदूनं नुसतं गायचं काम केलं. गाणं फक्कड झालं. हळदीला ते वाजलं तेव्हा वैजू पाटावरून उठून नाचली आणि दुखऱ्या गुडघ्याचे रंगरावसुद्धा मान डोलवायला लागले. शेवंताबाई म्हणाल्या, "आवाज गोड आहे हो पोराचा." सगळ्यांना वाटलं, आता काही होत नाही.

त्याच दिवशी शिदू एकटाच दाजींच्या खोलीत बराच वेळ बसला. दाजींनी विचारलं, "काय चाललंय?" तो म्हणाला, "लग्नाची तयारी." दाजींना बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वैजूच्या गावी पोचलं. शिदू मारुतीच्या देवळात जाऊन पाया पडला. घोडी काही येईना, म्हणून वऱ्हाड पुढं मांडवात गेलं. शिदूला बजावलं होतं, "घोडी आली की लगेच निघ."

मांडवात मुहूर्ताची गडबड सुरू झाली. घोडी आली, पण पाठीवर शिदू नव्हता. खोगिरावर एक उशी होती. उशीवर पेनड्राइव्ह होता आणि त्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या.

"नवरदेव?" रंगरावांनी विचारलं.

"हेच दिलंय," घोडीवाला म्हणाला. "स्पीकरला लावा म्हणाले."

साउंडवाल्यानं लावलं. शिदूचा गोड आवाज मांडवभर घुमला. "राम राम मंडळी. मी शिदू. मी आलोय असं समजा आणि मंगलाष्टकं चालू करा. आता नाव घेतो. ढोलकी वाजते धिनधिन, हलगी वाजते कडाड, शेवंताचं नाव घेतो, उघडा मांडवाचं कवाड!"

शेवंताबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. रंगरावांनी फेटा काढून आपटला. "मोडली! सोयरीक मोडली!"

"थांबा आबा," वैजू म्हणाली. "मोडायचीच तर मी मोडीन. आधी विचारून तर येते." शालू सावरत ती घोडीवर बसली आणि देवळाकडं निघाली.

शिदू देवळाच्या पायरीवर शेंगा खात बसला होता.

"अहो, तिकडं मुहूर्त चाललाय. इथं काय बसलाय?"

"माणूस न्यायचा नसतो. निरोप पोचला की झालं."

"आणि माझ्या आईचं नाव का घेतलंत?"

"थोडीशी चूक मुद्दाम घातली. नाहीतर मशीन बोलतंय असं वाटलं असतं."

वैजू पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "पेनड्राइव्हच्या गळ्यात मी हार कसा घालू? गळा कुठाय त्याला? मला तुम्ही पाहिजे, अख्खे."

शिदू विचारात पडला. हे दाजींनी सांगितलं नव्हतं. "मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"माझ्याबरोबर यायचं. सावधान म्हटलं की हार माझ्या गळ्यात घालायचा. बास."

शिदूनं ध्यानात ठेवलं. दोघं मांडवात आले. पोरगीच हसत आल्यावर रंगराव काय करणार? त्यांनी फेटा झटकून पुन्हा डोक्यावर चढवला, शेवंताबाईही पदर सावरत बाहेर आल्या. मुहूर्त जरा मागं सरला होता, एवढंच. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. वैजूनं शिदूच्या गळ्यात हार घातला. शिदूनं वैजूच्या गळ्यात घातला, अगदी बरोबर, जरासुद्धा न चुकता. टाळ्या पडल्या, वाजंत्री कडाडली. दाजींनी सुटकेचा श्वास सोडला.

"हे जमलं!" शिदू म्हणाला.

शेजारी पाहुण्यांच्या सत्काराच्या हारांचं ताट होतं. शिदूनं त्यातला एक हार उचलला आणि शेवंताबाईंकडं वळला.