तीस टक्क्यांची दरड

चार दिवस पाऊस थांबेना, म्हणून डोंगराखालच्या भेंडवाडीत तहसीलदार आले. दरडीपासून लांब, पलीकडच्या शाळेची किल्ली त्यांच्याच खिशात. तान्ही पोर कडेवर घेऊन सुगंधा तिसऱ्यांदा म्हणाली, "साहेब, शाळा उघडा, लेकरं तिकडे हलवू."

"बाई, किती वेळा सांगू? कॉम्प्युटरचा अंदाज आहे, दरड कोसळायची शक्यता फक्त तीस टक्के. गेल्या साली सगळ्यांना हलवलं, तर खडासुद्धा घरंगळला नाही."

सुगंधाचं डोकं तापलं, पण ती गोडच बोलली. "बरं. मग तुमची जीप लांब रस्त्यावर कशाला उभी केलीत? आमच्या अंगणात लावा, दरडीच्या खाली."

"वेड लागलंय का तुला? सरकारी गाडी आहे. काही झालं म्हणजे?"

"तीसच टक्के ना, साहेब? तेवढ्यानं गाडीला भीती, मग माझ्या पोरीला का नाही?"

साहेबांनी खिशातून शाळेची किल्ली काढली. पोरांची पहिली खेप जीपमधूनच गेली.