चिचुंद्रीची शेंग आणि जीपआत्याचं तेल

ऐका हं. बोट तोंडातून बाहेर, कान इकडे.

खूप वर्षं झाली. रस्त्यावर तेव्हा गाड्या थोड्या आणि धूळ फार. नाक्यावर एक चिंच होती. चिंचेखाली दस्तगीरमामांचं गॅरेज. गॅरेजपुढे एक जीप. हिरवी हिरवी, कापडी टपाची.

गावात पाळणा एकच होता. मोठा, लाकडी, वर पोपट टांगलेले. ज्या घरी बारसं, त्या घरी पाळणा न्यायचा. कोण न्यायचं? जीप! पुढे मामा, मागे पाळणा. जीप गायची, गूं गूं गूं. पोरं मागे धावायची. माझं बारसंही त्याच पाळण्यात झालं. फार छान दिवस होते ते.

मग घरोघरी पाळणे आले. जीपला कुणी बोलावेना. ती चिंचेखाली उभी राहिली, चाकामागे दगड, तोंड गप्प.

तिथेच राहायची एक चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब, डोळे बारीक. तिला झालं बाळ. बाळाचं बारसं करायचं होतं. त्यासाठी हवी भुईमुगाची शेंग. दाणे खायचे, टरफलाचा पाळणा करायचा. तिच्या आईनं असंच केलं होतं. आईच्या आईनंही असंच. शेंग नाही तर पाळणा नाही. पाळणा नाही तर नाव नाही.

चिचुंद्रीनं शेंग आणली. ओढत ओढत, हुश्श हुश्श. शेंग निसटली. गडगड, गडगड, खटक! चाक आणि दगडाच्या मध्ये जाऊन बसली. ओढली, सुटेना. ढकलली, सुटेना.

बाळ रडलं, चीं चीं! चिचुंद्रीला हाक मारायची होती. पण काय म्हणून मारणार? तिला फार फार वाईट वाटलं.

ती जीपकडे गेली. तुरूतुरू, चुक चुक.

"जीपआत्या, जीपआत्या, जरा हल ना!
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

जीप म्हणाली, "छे गं बाई! माझ्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडाचा गोळा हाय. त्याच्यात चाकं फिरवणारे दाते. हल्ली नुसते खरखरत्यात. गोळ्यात नवं तेल शिरलं, तर मी हलीन."

चिचुंद्री डब्यातल्या नव्या तेलाकडे गेली. तुरूतुरू, चुक चुक.

"तेलदादा, तेलदादा, गोळ्यात शिर ना!
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

नवं तेल म्हणालं, "छे गं बाई! आत जुनं तेल बसलंय. मी कुठं बसू, त्याच्या मांडीवर? ते गळालं, तर मी शिरीन."

चिचुंद्री जीपखाली गेली. तुरूतुरू, चुक चुक.

"तेलआजोबा, तेलआजोबा, खाली गळा ना!
नवं तेल शिरेना,
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

जुनं तेल आतून बोललं. जाड जाड, हळू हळू. "छे गं बाई! या गोळ्यातच मी म्हातारा झालो. किती बारशी बघितली! आता दमलोय. पण दार बंद. खालचं बूच निघालं, तर मी गळीन."

चिचुंद्रीनं खालच्या बुचावर टकटक केलं. टुक टुक.

"बूचभाऊ, बूचभाऊ, जरा निघ ना!
जुनं तेल गळेना,
नवं तेल शिरेना,
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

खालचं बूच घाबरलं. "छे गं बाई! एकदा मी आधी निघालो. सगळं तेल भळाभळा गेलं. वरचं बूच मात्र गंजलेलं. ते उघडेचना! मग नवं तेल घालणार कुठून? अख्खा पावसाळा जीप कोरडी बसली. तेव्हापासून या गॅरेजात रीत हाय. वरचं आधी, खालचं मग. वरचं बूच उघडलं, तर मी निघीन."

चिचुंद्री गोळ्यावर चढली. सरसर, चुक चुक.

"वरच्या बूचभाऊ, जरा उघड ना!
खालचं बूच निघेना,
जुनं तेल गळेना,
नवं तेल शिरेना,
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

वरचं बूच म्हणालं, "छे गं बाई! माझं अंग आखडलंय. पाना फिरला, तर मी उघडीन."

चिचुंद्री पान्याकडे गेली. तुरूतुरू, चुक चुक. आता तिला धाप लागली होती.

"पानेकाका, पानेकाका, जरा फिर ना!
वरचं बूच उघडेना,
खालचं बूच निघेना,
जुनं तेल गळेना,
नवं तेल शिरेना,
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

पाना म्हणाला, "छे गं बाई! मला काय पाय हायत? मामा उठले, तर मी फिरीन."

मामा स्टुलावर बसले होते. रस्त्याकडे बघत. चहा गार झाला होता. चिचुंद्री त्यांच्या चपलेवर चढली. चुक चुक, चुक चुक.

"मामा, मामा, जरा उठा ना!
पाना फिरेना,
वरचं बूच उघडेना,
खालचं बूच निघेना,
जुनं तेल गळेना,
नवं तेल शिरेना,
जीप हलेना,
शेंग सुटेना,
आणि बाळाला नाव मिळेना!"

मामा म्हणाले, "छे गं बाई! कुणासाठी उठू? जीपला आता कोण बोलावतंय? बारशाचं बोलावणं आलं, तर मी उठीन."

चिचुंद्री टुणकन उडाली. "मग मीच बोलावते की! माझ्या बाळाचं बारसं आहे. मामा, जीप घेऊन या!"

मामांनी चष्मा काढला. डोळे पुसले. चष्मा पुन्हा घातला. "किती दिसांनी आलं गं बोलावणं! आलोच की!"

आणि मग काय झालं?

मामा उठले. बिस्मिल्ला म्हणाले.
पाना फिरला. कर्र कर्र!
वरचं बूच उघडलं. टुक!
खालचं बूच निघालं. टुक!
जुनं तेल गळालं. बुळुक, बुळुक, बुळुक. उन्हानं पातळ झालं होतं ना! काळं काळं, खाली ठेवलेल्या घमेल्यात जाऊन निवांत बसलं.

मामांनी खालचं बूच पुसलं. त्याला लोखंडाचा बारीक चुरा लागला होता, चमचम. पुसलं आणि घट्ट लावलं. हो, लावायला हवं! नाहीतर नवं तेलही घमेल्यात.

नवं तेल शिरलं. नळीतून, गुळुक, गुळुक, गुळुक. किती घालायचं? वरच्या भोकातून थेंब डोकावेपर्यंत. टप! "झालं," मामा म्हणाले. "पोट भरलं." वरचं बूचही लागलं.

मामांनी किल्ली फिरवली. कुर्रर्र!
जीप हलली. पुढे, एवढीशीच.
शेंग सुटली!

चिचुंद्रीनं शेंग फोडली, कट्ट! एक दाणा तिनं खाल्ला. एक मामांना दिला. मामांनी गॅरेजच्या कोपऱ्यातला तोच गावाचा मोठा पाळणा झटकला, जीपमध्ये ठेवला. त्याला दोऱ्यानं टरफल बांधलं. मोठ्या पाळण्याला एवढुसा पाळणा! त्यात बाळ निजलं.

पण थांबा. बाळाच्या कानात कुर्रर्र कोण करतं? आत्या! आणि चिचुंद्रीच्या बाळाला तर आत्याच नव्हती. चिचुंद्रीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आता?

"मी हाय की!" जीप म्हणाली. "सकाळपासून आत्या आत्या कुणाला म्हणत होतीस?"

मामांनी जीप बंद केली. मग हळूच पुन्हा किल्ली फिरवली.

"कुर्रर्रर्र! गुंजा!"

बाळाचं नाव गुंजा. उंदीर आले, खारी आल्या. सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपके घातले, धप धप धप. जीप निघाली. पुढे मामा, मागे पाळणा. खरखर नाही, काही नाही. गूं गूं गूं, गूं गूं गूं. गुंजा हसली आणि झोपली.

चिचुंद्रीनं हाक मारून बघितली. हळूच, उगीचच. "गुंजा!"

आता ती चिंच नाही. मामाही नाहीत. पण कुठे एखादी जुनी गाडी सुरू झाली ना, कुर्रर्र म्हणाली ना, की मी अजून दारात येऊन बघते. वाटतं, कुणाचं तरी बारसं आहे आणि पाळणा निघालाय.

शेंग फुटली, गोष्ट मिटली. चला, डोळेही मिटा. गूं गूं गूं.