फडताळापुढे पहिला आलेला वैद्य

घड्याळं नव्हती आणि वेळ मात्र भरपूर होता, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात वैद्यांचं गुरुकुल होतं. शिक्षण संपलं की गुरुजी शिष्यांना एका फडताळापुढे उभं करत. फडताळात वाळलेल्या औषधींची मडकी. गुरुजी मडक्याला काठी टेकवत आणि शिष्याने औषधीचं नाव, तिची मात्रा सांगायची. गुरुजींना टापटीप फार. वर्षानुवर्षं मडकी जागची हलत नसत.

एका हुशार शिष्याने मडक्यांचा क्रमच पाठ केला. धडाधड उत्तरं दिली आणि 'उत्तम' श्रेणी पटकावली. त्याच्याबरोबरची एक मुलगी प्रत्येक मडक्यात हात घालून पाला हुंगत बसली. निम्मी मडकी व्हायच्या आत वेळ संपला. तिला मिळाली 'कनिष्ठ'.

'उत्तम' वैद्याला मोठ्या गावाने वाजतगाजत नेलं. मुलगी शेजारच्या वाडीत राहिली. तिच्या दारात चिटपाखरूही फिरकेना.

पुढे गावच्या पाटलाची लेक तापाने फणफणली. वैद्याने नाडी पाहिली. औषध लगेच आठवलं: ताजी गुळवेल. पाटलाला घेऊन तो रानात शिरला आणि जागीच थबकला. समोर वेलीच वेली, आणि फडताळ कुठेच नाही! चुकून विषारी वेल तोडली तर पोर हातची जायची.

"वैद्यबुवा, तोडा की!" पाटील रडकुंडीला आला होता. "उत्तम श्रेणीचे तुम्ही, तुम्हाला काय अवघड?"

वैद्याने विळा खाली ठेवला. "पाटील, मला गुळवेल ओळखता येत नाही. वाडीतल्या वैद्यीणबाईंना बोलवा."

"त्या? त्या तर कनिष्ठ!"

"असू देत. पण लवकर बोलवा."

ती धावतच आली. एका वेलीची साल नखाने खरवडली, आतला हिरवा रंग पाहिला, वास घेतला. "हीच. पण मात्रा किती द्यायची रे? माझा तिथेच गोंधळ होतो."

"ते माझ्यावर सोड," तो म्हणाला. श्रेणी मिळाल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

ताप उतरला. पोरीने डोळे उघडून भाकरी मागितली, तसा पाटील हसता हसता रडायला लागला. वैद्य तर ओसरीवर भिंतीला टेकून तिथेच गाढ झोपी गेला.

त्यानंतर दोघांनी मिळून एकच औषधालय थाटलं. ज्याला जे येई, ते तो करी. गावाने श्रेणी विचारायचं सोडून दिलं, आणि माणसं बरी होत राहिली.

तात्पर्य: श्रेणी सांगते ते परीक्षेपुरतं; आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे काम अंगावर पडल्यावरच कळतं.