शेवंता शून्यावर येते

ऊसपट्ट्यातल्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गणिती होता. भोळा हे आपलं आपण प्रेमानं म्हणायचं. शहरात जाऊन तो एकच विद्या शिकला होता. दिसेल ते सूत्रात बसवायचं. ऊस असो, ताप असो, नाहीतर माणूस असो.

त्याची बायको शेवंता बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. बारशाला केरबानं हौसेनं मायलेकरांना काट्यावर तोललं आणि वजनं वहीत लिहिली. सासरे ते बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, आजपासून तीन महिन्यांनी नोकरीवर असलात, तर लेक-नातू घेऊन जावा. नसलात, तर पोरगी माझ्याकडंच राहील."

केरबा दुसऱ्याच दिवशी नोकरी शोधायला निघाला. बायकोवर त्याचा फार जीव.

पहिली नोकरी गुऱ्हाळावर. रस आटून गूळ व्हायला तीन तास लागायचे. केरबानं हिशेब केला. जाळ सहापट, तर वेळ अर्धा तास. अर्ध्या तासात काहिलीत कोळसा झाला.

मालक ओरडला, "अरे शहाण्या, थेंब काढून बघायचा की! शितावरून भाताची परीक्षा! एक बघितलं की सगळं कळतं!"

"कळलं," केरबा म्हणाला आणि घरी गेला. मालकानं घालवलाच होता.

दुसरी नोकरी दवाखान्यात. डॉक्टर जेवायला गेले. बाकावर अकरा जण बसलेले. केरबानं शीत तपासलं. पहिल्या आजीचा उजवा हात मोडला होता. डॉक्टर ढेकर देत परतले, तर अकराच्या अकरा उजवे हात प्लास्टरमध्ये! अकरावा पोस्टमन होता. तो बिचारा पत्र द्यायला आला होता.

"गाढवा, माणसं म्हणजे भात आहे का?" डॉक्टर कडाडले. "आधी किती होतं बघ, आता किती आहे बघ, त्यावरून पुढचं ओळख!"

केरबानं पाय धरले. "डॉक्टर, नोकरी गेली तर बायको गेली!"

डॉक्टरांना दया आली. "बरं, नुसती वजनं घे. कुणाला हात लावशील तर बघ."

केरबानं हात लावला नाही. नोकरी टिकली.

तीन महिने भरले. केरबा काटा घेऊनच सासुरवाडीला गेला. शेवंतानं गाठोडं बांधलं होतं, दारात रिक्षा उभी होती, सासरे पहिल्यांदाच हसत होते.

"निघण्याआधी तोलून घेतो," केरबा म्हणाला.

बाळ तीन किलोचं सहा झालं होतं. शेवंता साठाची चोपन्न. केरबानं वही काढली, पुढचं ओळखलं, आणि मट्कन खाली बसून हंबरडा फोडला.

"काय झालं वो?" शेवंता घाबरली.

"मामा, तीन महिन्यांत सहा किलो गेली! सव्वादोन वर्षांनी शेवंता शून्यावर येते!"

"आन् पोरगं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दर तीन महिन्यांनी दुप्पट. तवर तीस क्विंटल बहात्तर किलो." केरबानं डोळे पुसले. "मामा, बिनआईचं लेकरू कोण सांभाळणार? तुमची धाकटी लेक मला द्या. आणि एवढं पोरगं तिला एकटीला कडेवर घेववायचं नाही, तर मधलीपण द्या."

शेवंतानं रिक्षातलं गाठोडं स्वतः खाली उतरवलं. सासरे काठी आणायला आत गेले.

पहिला फटका बसला. केरबा हलला नाही. दुसरा त्याच्या दुप्पट बसला. मग मात्र त्यानं पुढचं ओळखलं आणि काटा तिथंच टाकून धूम ठोकली.