न परतणारी सायकल

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातली सायकल रस्ता सोडून आतल्या खोलीत आली. व्यापारी वयोवृद्ध होते. सारी पेठ त्यांना अप्पा म्हणून ओळखत असे. सायकल मात्र त्यांची नव्हती, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, मल्लिनाथची होती. मल्लिनाथ दिवसभर पेढी सांभाळी आणि पहाटे दूरवर सायकल चालवी. त्याच गावात एक वृद्ध शिक्षक होते. त्यांनी अनेक तरुणांना लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी घडवले होते. चढावर श्वास कसा राखावा इथपासून पडायचेच झाले तर कसे पडावे इथपर्यंत सारे त्यांनी मल्लिनाथला शिकवले. तो त्यांना सर म्हणे आणि गुरू माने.

अप्पांनी मुलाच्या या छंदाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. कौतुक केले नाही, विरोधही केला नाही. एकही शर्यत पाहायला ते गेले नाहीत. अप्पांना आपल्या सायकलीचे काहीच नाही, असा एक बारीक सल मल्लिनाथच्या मनात लहानपणापासून होता. तो त्याने कोणापाशी बोलून दाखवला नाही.

एका उन्हाळ्यात पेढीवर बसल्या बसल्या अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नजर आणि डावा हात एवढेच त्यांचे उरले. त्यांची कूस बदलायची तर दोन माणसे लागत. तेव्हा मल्लिनाथ आणि त्याची पत्नी भाग्यश्री या दोघांनाही सकाळी घरात थांबणे भाग पडले. हिवाळ्यात मोठी शर्यत होती. तिच्यासाठी मल्लिनाथने कित्येक वर्षे तयारी केली होती. वडिलांना सोडून रस्त्यावर जाणे त्याच्या मनाला पटेना, आणि शर्यत सोडून देणेही जमेना. अखेर त्याने घरातल्या घरात सायकल चालवण्याचे यंत्र आणले.

अप्पांच्या शेजारची खोली त्याने रिकामी केली. फरशी एका कोपऱ्यात उतरती होती, म्हणून यंत्राच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मागचे चाक यंत्राच्या लोखंडी रुळावर टेकवले, पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवला. समोर पंखा, आणि एक पडदा, ज्यावर परदेशातले डोंगर, वळणे, दऱ्या सरकत जात. पहिल्या दिवशी पाय फिरू लागले आणि चाकाच्या घरघरीने कपाटातली काच थरथरली, तेव्हा मल्लिनाथचे डोळे भरून आले. सगळेच काही संपलेले नाही, असे त्याला वाटले. पेठेतले लोक म्हणू लागले, "पोराने बापासाठी रस्ता सोडला हो!"

परंतु घरघर सुरू झाली की अप्पा अस्वस्थ होत. मान वळवून ते बाहेरच्या दाराकडे पाहत राहत. आवाज थांबल्यावरही बराच वेळ त्यांची नजर तिथेच असे. भाग्यश्रीने ओठांशी नेलेला चमचा ते परतवत, आणि उशिरा कधीतरी दोन घास घेत.

"आवाजाचा त्रास होतोय त्यांना," मल्लिनाथ म्हणाला.

त्याने ते यंत्र देऊन टाकले आणि दुसरे आणले. यात मागचे चाक काढूनच ठेवायचे. साखळी थेट यंत्राच्या दातेरी चक्रावर चढवायची. आवाज जवळजवळ नाही. खाली जाड रबरी चटई अंथरली, खोलीचे दार घट्ट लावून घेतले. काढलेले चाक भिंतीला टेकून राहिले. रोज पहाटे मल्लिनाथ सायकलीचे बूट चढवून, टाचा खटखट वाजवत अप्पांच्या पलंगापुढून जाई आणि दार लोटून घेई. मग घर अगदी शांत होई.

अप्पांनी मात्र आता सकाळचे खाणे पूर्णच बंद केले. हळूहळू दुपारचेही. त्यांचे मनगट काडीसारखे झाले. डॉक्टर म्हणाले, "घशात काही दोष नाही. गिळता येतंय, पण तेच घेत नाहीत. आठवडाभर पाहू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल." त्या दिवशी भाग्यश्री चुलीपाशी तोंडाला पदर लावून रडली.

सर बरेच महिने मुलीकडे परगावी होते. ते परतले आणि दुसऱ्याच सकाळी अप्पांना भेटायला आले. मल्लिनाथ तेव्हा आत, दाराआड होता. सर पलंगाशी बसले, अप्पांचा डावा हात त्यांनी हाती घेतला. अप्पांनी त्यांना ओळखले, पण क्षणभरच पाहिले. मग नजर पुन्हा बाहेरच्या दाराकडे गेली. सरांनीही त्या दाराकडे पाहिले. तिथे कोणीच नव्हते. भाग्यश्रीने त्यांना दोन्ही यंत्रांची आणि रोजच्या क्रमाची हकिकत सांगितली.

थोड्या वेळाने मल्लिनाथ घाम पुसत बाहेर आला. "सर! कधी आलात? बसा, अंघोळ उरकून आलोच." असे म्हणत तो न्हाणीघराकडे वळला. भाग्यश्रीने आंबिलीची वाटी पुढे केली. अप्पांनी ओठ मिटून घेतले.

"हल्ली अशीच तऱ्हा आहे, सर," ती म्हणाली.

सर उठले. "मल्लिनाथ, थांब. सायकल यंत्रावरून उतरव. मागचे चाक बसव."

"आत्ता?"

"आत्ता. बाहेर ने. गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि परत ये. बूट काढू नकोस. पुढच्या दाराने ये."

मल्लिनाथला काही उमजेना. तासभर घाम गाळून झाला होता, पेढीवर मालाची गाडी उतरायची होती, आणि वडील उपाशी होते. अशा वेळी हा कसला हट्ट? पण गुरूंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्याने चाक बसवले, साखळी चढवली, आणि मनातून चिडतच सायकल बाहेर काढली. समोरचा किराणावाला हसून म्हणाला, "काय शेठ, सुटका झाली वाटतं?" मल्लिनाथ तसाच पुढे गेला. टोकापर्यंत जाऊन तो वळला, सायकल ओट्यावर चढवली आणि खटखटत उंबऱ्याच्या आत आला. अप्पांची नजर त्याच्यावर खिळली होती. पूर्वीच्या सवयीने तो म्हणाला,

"आलो, अप्पा."

अप्पांचा डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला आणि खाली आला. त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला. भाग्यश्रीने चमचा पुढे केला. अप्पांनी तोंड उघडले. अर्धी वाटी आंबील त्यांच्या पोटात गेली तरी मल्लिनाथ उंबऱ्याजवळच उभा होता.

सर त्याला ओट्यावर घेऊन गेले. "शर्यतीहून तुला सोडायला मी या दारी कितीदा आलो असेन," ते म्हणाले. "दर वेळी हा माणूस इथे उभा असायचा. हातात सूप असायचं, पण त्या सुपात दाणा मी कधी पाहिला नाही. तू ओट्यापाशी पोचलास की ते आत जात आणि दिवसाचा पहिला चहा मागत. तुझी आई होती तेव्हा तिनंच मला हे सांगितलं होतं."

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"त्यांनी बजावलं होतं. म्हणाले, बापाचा जीव टांगणीला असतो हे पोराला कळलं तर त्याचे पाय जड होतील."

मल्लिनाथ खाली बसला.

"आजही तू बूट घालून त्यांच्यासमोरून जातोस," सर पुढे म्हणाले. "तुझ्या लेखी तू घरातच असतोस. त्यांच्या लेखी तू रस्त्याला लागतोस. निदान त्या पहिल्या यंत्राचा आवाज थांबला की त्यांना काही अंदाज बांधता येत असेल. तू तोही बंद केलास. मग तू घाम पुसत न्हाणीघरात जातोस. दार वाजत नाही, हाक येत नाही. गेलेला मुलगा त्यांच्या हिशेबी आलेलाच नसतो. ते थांबले आहेत, बाळा. माणूस घरातल्या घरातही फार दूर जातो. जायला माझी ना नाही. पण परत आलो, हे वाट पाहणाऱ्याला येऊन सांगावं लागतं."

"आणि मी समजत होतो, मी त्यांच्यासाठी इथे थांबलोय," मल्लिनाथ म्हणाला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची समजूत घातली नाही.

त्यानंतर रोज व्यायाम आटोपला की मल्लिनाथ चाक बसवी, गल्लीत एक फेरी मारी आणि पुढच्या दाराने येऊन पलंगाशी उभा राही. "आलो, अप्पा." कधी अप्पा हात उचलत, कधी नुसते पाहत. नळी घालावी लागली नाही. पण हा काही उपचार नव्हता. महिन्यामागून महिना देह खंगत गेला. शर्यतीला जाण्याचा विचार मल्लिनाथने केव्हाच सोडला होता, तरी पहाटेचा क्रम त्याने मोडला नाही. कारण आता अप्पांच्या दिवसाला त्या एका क्षणाचाच आधार होता, आणि खरे सांगायचे तर त्याच्या दिवसालाही.

थंडी पडू लागली होती. एका सकाळी तो फेरी मारून आत आला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "आलो, अप्पा." अप्पांचे डोळे दाराकडे उघडे होते. त्याने पुन्हा म्हटले, जरा मोठ्याने. भाग्यश्री स्वयंपाकघरातून गरम आंबील घेऊन येत होती; ती दारातच थबकली. मल्लिनाथ पुढे झाला, गुडघ्यांवर बसला, आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाला, पण आता कुजबुजून.

अप्पांना माती देऊन झाली. घर पाहुण्यांनी भरले आणि रिकामे झाले. सर भेटायला आले तेव्हा मल्लिनाथ त्या रिकाम्या पलंगाच्या कडेला बसला होता. सर त्याच्या शेजारी टेकले. मग शिष्याने विचारले, "सर, मी आत आलो तेव्हा ते होते का? त्यांना कळलं असेल का?"

म्हाताऱ्या गुरूंनी या गावातल्या कित्येकांना धीर दिला होता. इथेही एक गोड शब्द पुरला असता. पण ते म्हणाले, "मला माहीत नाही, मल्लिनाथ."

शिष्याने मान हलवली. ते उत्तर खरे होते, आणि खरे होते म्हणूनच तो त्यांच्या खांद्यावर डोके टेकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

ज्यांच्या घरात न बोलणारे एखादे माणूस आहे, त्यांनी बाहेरून आल्यावर, आणि आतल्या खोलीतून आल्यावरही, जवळ जाऊन एकदा सांगावे की मी आलो आहे.