लसूणपायरी

खडकोळीचा घाट उतरू लागलात की एका पायरीपाशी लसणाचा भपकारा येतो. नदी कितीदा चढते-उतरते, वास काही जात नाही. तिला लसूणपायरी म्हणतात. तिची कथा ऐका आणि खुशाल आमच्या गावाला हसा.

फार पूर्वी इथे नृसिंहशास्त्री राहत, असे सांगतात. काशीला शिकून आलेले. काय खावे, काय वर्ज्य, हे स्मृतिग्रंथांतले सगळे त्यांना मुखोद्गत. गावाला केवढा अभिमान! त्या अभिमानापायी गावाने त्यांचा जीव नकोसा केला. व्यालेल्या गाईचे दूध कधीपासून चालते? कावळ्याने टोचलेला आंबा? शिळ्या भातावर तूप घातले, तर दोष जातो का? शास्त्रीबुवांचा स्वतःचा भात रोज पानावर निवून जाई.

एकदा ते पहिला घास उचलतात, तोच महादोबा कोहळा घेऊन दारात. "शास्त्रीबुवा, हा बायकांनी चिरला तर चालंल का?"

शास्त्रीबुवांच्या डोक्यात तिडीक गेली. "मी सांगेपर्यंत कुणी काही खाऊच नका! मी सुटेन तरी!"

दुसऱ्या दिवशी गावात एकही चूल पेटली नाही. शास्त्रीबुवांच्या दाराशीही कोणी फिरकले नाही. देवच पावला म्हणून ते पोटभर जेवले आणि ताणून झोपले म्हणे.

संध्याकाळी शेजारून तान्ह्या मुलाचे रडणे येऊ लागले. थांबेचना. ते बघायला गेले, तर आवडाकाकूंची बाळंतीण सून सगुणा भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले. अंगावर दूध नाही. सगळे घर शास्त्रीबुवांच्या आज्ञेने उपाशी!

"अहो काकू, तिला आधी जेवू घाला!"

"घालते हो. पण सुईण म्हणते, लसूण दिल्याशिवाय दूध उतरायचं नाही. लसूण तर निषिद्ध ना?"

"रोग्याला औषध म्हणून चालतो. तसं वचन आहे."

"बाळंतीण म्हणजे रोगी का? तसं कुठं सांगितलंय?"

तसे वचन शास्त्रीबुवांना आठवेना. त्यांना स्वतःच्या विद्वत्तेची शिसारी आली. पोराचा आवाज आता बसत चालला होता. त्यांनी सुईणीने आणलेला लसणाचा गड्डा उचलला, घाटावर जाऊन या पायरीवर बसले आणि सगळ्या गावादेखत कचाकचा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"पाप लागायचं ते मला लागू दे! तिला वाढा!"

सगुणा जेवली. तिला दूध आले, पोर वाचले. शास्त्रीबुवांना मात्र गावाने त्याच रात्री पंक्तीबाहेर टाकले. त्याचे त्यांना काही वाटले नाही. आता निदान कोणी विचारायला येणार नाही, याच आनंदात ते होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर अंगणात माणसेच माणसे. "शास्त्रीबुवा, लसूण सोलून खायचा की सालीसकट?"

शास्त्रीबुवांनी पायांत वहाणा घातल्या आणि जे गाव सोडले, ते कायमचे.

आजही आमच्याकडे कुणी बाळंत झाली की घरचा कर्ता पुरुष आधी या पायरीवर बसून लसूण खातो. सोलून की सालीसकट, यावरून घाटावर दरवेळी कडाक्याचे भांडण होते. ते मिटेपर्यंत बाळंतीण घरात उपाशी बसलेली असते.